कॉर्टिसॉलचे वकीलपत्र

मराठी पुरुषाच्या सगळ्या व्याधींचे निदान हल्ली एका वाक्यात होते : टेस्टोस्टेरॉन खाली गेले आहे आणि कॉर्टिसॉल वर गेले आहे. पोट सुटले? हेच कारण. झोप लागत नाही? हेच. साहेबाशी पटत नाही, बायकोशी पटत नाही, तिसरा मजला चढताना धाप लागते, केस गळतात, रविवारी दुपारी उगाच उदास वाटते? हेच, हेच आणि हेच. हे निदान करणाऱ्या एका वक्त्यांचे व्याख्यान मी नुकतेच शेवटपर्यंत ऐकले. त्यांचे नाव घेत नाही. घेतले तर त्यांच्या पुढच्या शिबिराची फुकट जाहिरात होईल, आणि तसेही ते एकटे नाहीत. सोसायट्यांच्या सभागृहांत, कंपन्यांच्या आरोग्य-दिनांना, जिमच्या उद्घाटनांना अशी माणसे एकाच साच्यातली भाषणे करत फिरत असतात. मी ऐकलेले वक्ते त्यांच्यात जरा जास्त आत्मविश्वासाचे होते, इतकेच.

पूर्वपक्ष थोडक्यात असा. देह हा तराजू आहे. एका पारड्यात टेस्टोस्टेरॉन. ते बांधते, वाढवते, जिंकते. दुसऱ्यात कॉर्टिसॉल, ते झिजवते, चरबी साठवते, घाबरवते. एक चढले की दुसरे उतरणारच, कारण दोन्ही एकाच कच्च्या मालापासून बनतात आणि तणाव वाढला की कॉर्टिसॉल तो माल पळवून नेते. आपल्या पूर्वजांचा तराजू बरोबर होता, आपला बिघडला. किती बिघडला हे एका रक्ततपासणीत कळते : टेस्टोस्टेरॉनला कॉर्टिसॉलने भागायचे, येईल तो आकडा म्हणजे तुमचे आरोग्य. तो वाढवायचा तर थंड पाण्याची आंघोळ, छाती पुढे काढून दोन मिनिटे उभे राहणे, अश्वगंधेची पावडर, आणि एवढ्याने नाही भागले तर इंजेक्शन. तपासणीचे पॅकेज बाहेरच्या टेबलावर, आजच्या दिवस सवलतीत.

मांडणीत मी थोडा अन्याय केला असेल. शेवटच्या स्लाइडवर 'पुरेशी झोप घ्या' असेही होते. पण तोवर लोक चहाकडे वळले होते आणि वक्त्यांनी त्यांना अडवले नाही.

सुरुवात भागाकारापासून करतो, कारण माझा खरा राग त्याच्यावर आहे.

समजा, पस्तिशीच्या एका निरोगी माणसाचे रक्त सकाळी आठला घेतले. टेस्टोस्टेरॉन डेसिलिटरला ५५० नॅनोग्रॅम, कॉर्टिसॉल १८ मायक्रोग्रॅम. कुठल्याही लॅबच्या रिपोर्टवर हे दोन्ही आकडे काळ्या अक्षरांतच छापून येतील. शेजारी बाण नाही, तांबडे काही नाही. भागाकार येतो साधारण साडेतीस. आता हा गृहस्थ डोंबिवलीहून लोकलमध्ये चेंगरून कामावर गेला, दिवसभर साहेबाची बोलणी खाल्ली, पुन्हा चेंगरून रात्री आठला घरी आला. त्याच दंडातून पुन्हा रक्त घ्या. टेस्टोस्टेरॉन दिवसभरात उतरते. ते ४२० झाले असेल. पण कॉर्टिसॉल त्याहून पुष्कळच उतरते; रात्री आठला ते ४ असणे अगदी स्वाभाविक आहे. भागाकार १०५. म्हणजे मुंबईच्या नोकरीचा एक अख्खा दिवस अंगावर घेतल्यामुळे हा माणूस सकाळपेक्षा जवळजवळ साडेतीन पटींनी निरोगी झाला! तणाव कमी करण्याच्या शिबिरांऐवजी रेल्वेचा पास वाटावा, असा हा निष्कर्ष आहे. त्या सभागृहाबाहेरच्या टेबलावर रक्त घेत होते संध्याकाळी सातला. सगळ्यांचे गुणोत्तर झकास यायला हवे होते. तसे ते आले असेल, तर पावडर कशी खपली हे एक गूढच आहे.

आकडे मी उदाहरणादाखल घेतले, पण त्यांची चाल खरी आहे. ही दोन्ही संप्रेरके पहाटेपासून चढू लागतात आणि सकाळी शिखरावर असतात. कॉर्टिसॉल तर जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात आणखी एक उसळी घेते. मग दोघेही उतरणीला लागतात. एक चढले की दुसरे पडलेच पाहिजे असा नियम असता, तर रोज सकाळी तो मोडला नसता. जड वजन खांद्यावर घेऊन बैठका मारा; दोन्ही काही काळ वाढतात. स्पर्धेत उतरण्याच्या आधी खेळाडूंमध्ये दोन्ही वाढलेली सापडतात. ज्याची दोन्ही पारडी एकदम वर जातात आणि एकदम खाली येतात, त्या वस्तूला काय म्हणावे ते मला सुचत नाही, पण बाजारात वाणी तिला तराजू म्हणणार नाही.

शिवाय हे उतरणेही सरळ उतरणे नसते. कॉर्टिसॉल रक्तात झटक्याझटक्यांनी येते, साधारण तासा-दीडतासाला एक. तुमची नस सापडली ती झटक्याच्या माथ्यावर की पायथ्याशी, यावर रिपोर्ट ठरतो. ज्याला सुईची भीती वाटते त्याचे कॉर्टिसॉल सुई बघूनच वाढते. भरपेट नाश्ता करून गेलात तर टेस्टोस्टेरॉन तेवढ्यापुरते घसरते. अशा दोन हलत्या आकड्यांचा भागाकार केला की दोघांचीही चूक उत्तरात येऊन बसते, आणि उत्तर मात्र दशांश चिन्हासकट अचूक दिसते.

बरे, कुठले एकक घ्यायचे? आपल्याकडच्या लॅब टेस्टोस्टेरॉन नॅनोग्रॅममध्ये देतात, कॉर्टिसॉल मायक्रोग्रॅममध्ये. युरोपातल्या लॅब दोन्ही नॅनोमोलमध्ये देतात. तोच आपला डोंबिवलीकर, तेच सकाळचे रक्त : १९ भागिले ४९७. साडेतीसचे झाले ०.०३८. मी हे वक्त्यांना प्रश्नोत्तरांत विचारले. ते म्हणाले, महत्त्वाचा असतो तो 'ट्रेंड'.

आणखी एक. ६०० ला २० ने भागले तरी ३०, ३०० ला १० ने भागले तरी ३०. पहिल्या माणसाचे टेस्टोस्टेरॉन ऐन मध्यावर आहे. दुसऱ्याचे अशा हद्दीवर की डॉक्टर पुन्हा एकदा तपासा म्हणतील. भागाकाराने दोघांना जुळे भाऊ करून टाकले. दोन आकडे हातात असताना त्यांचा एक करण्याने माहिती वाढत नाही, घटते; हे पाचवीच्या मुलालाही पटेल. पण पाचवीच्या मुलाला पॅकेज विकायचे नसते.

हे गुणोत्तर वक्त्यांनी स्वतः शोधलेले नाही, हे मात्र मान्य केले पाहिजे. त्याचा उगम चांगल्या घरातला आहे. १९८६ साली फिनलंडमधल्या संशोधकांनी खेळाडूंवरच्या अभ्यासातून सुचवले की, रक्तातले मोकळे टेस्टोस्टेरॉन आणि कॉर्टिसॉल यांचे गुणोत्तर त्या खेळाडूच्या स्वतःच्या आधीच्या पातळीपेक्षा ३० टक्क्यांनी किंवा जास्त घसरले, तर त्याला सरावानंतर पुरेशी विश्रांती मिळत नाही असे समजावे. इथला प्रत्येक शब्द वजनाचा आहे. मोकळे टेस्टोस्टेरॉन, म्हणजे प्रथिनांना चिकटलेले सोडून उरणारे. ते एकूण टेस्टोस्टेरॉनच्या जेमतेम दोन टक्के. तुलना स्वतःशी, शेजारच्याशी नाही. आणि माणसे कोण, तर कसून सराव करणारी. पुढे १९९५ साली जर्मनीतल्या संशोधकांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांचे म्हणणे पडले की, हे गुणोत्तर सरावाचा त्या वेळचा ताण दाखवते. त्यावरून 'अतिसराव' या विकाराचे निदान करता येत नाही. ज्या मापाने धावपटूचा थकवासुद्धा धड मोजता येईना, ते माप तीस वर्षांनी बँकेतल्या कारकुनाच्या वैवाहिक सुखाला लावले गेले.

आता भागाकाराची शेवटची आणि मला सर्वांत आवडती कसोटी. गुणोत्तर जितके मोठे तितके आरोग्य चांगले, हे खरे धरू आणि जगातला सर्वांत निरोगी माणूस शोधू. ज्याचे कॉर्टिसॉल जवळजवळ शून्य, त्याचे गुणोत्तर आकाशाला भिडणार. असा माणूस वैद्यकाला १८५५ पासून ठाऊक आहे. त्या वर्षी लंडनच्या थॉमस ॲडिसन यांनी त्याचे वर्णन केले. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी नष्ट झाल्या की कॉर्टिसॉल बनणे थांबते. ॲडिसन यांच्या रुग्णांत पुष्कळांच्या ग्रंथी क्षयाने खाल्लेल्या होत्या. आपल्या देशात तर हे कारण आजही पुसलेले नाही. अशा पुरुषाचे टेस्टोस्टेरॉन वृषणांत बनत असल्यामुळे ते बऱ्याचदा शाबूत असते. समजा ४५० आहे, कॉर्टिसॉल १. गुणोत्तर ४५०! आमच्या डोंबिवलीकराच्या सकाळच्या आकड्याच्या पंधरा पट. वक्त्यांच्या हिशेबाने हा नरसिंह.

प्रत्यक्षात हा माणूस उठून उभा राहिला की त्याला भोवळ येते. रक्तदाब खाली, वजन उतरत चाललेले, अन्न नकोसे, नुसते मीठ खावेसे वाटते, हाताच्या रेषा आणि हिरड्या काळ्या पडत जातात. साधा ताप आला, जुलाब झाले, दाढ काढली, तर तेवढ्यानेही त्याचा जीव जाऊ शकतो, कारण अशा वेळी कॉर्टिसॉल वाढवून देह सावरतो आणि याच्याकडे वाढवायला काही नाही. जॉन एफ. केनेडींना हाच आजार होता, आणि बाहेरून दिले जाणारे स्टिरॉइड घेऊनच ते राष्ट्राध्यक्ष झाले. कॉर्टिसॉलने पुरुषाचे काय होते ते वक्त्यांनी तासभर सांगितले. कॉर्टिसॉल नसले की काय होते, याला एक मिनिट दिले असते तर तराजू जागच्या जागी मोडला असता.

याच कसोटीवर पीसीओएसने बेजार झालेली, चेहऱ्यावर केस आल्यामुळे रडकुंडीला आलेली तरुणी सर्व स्त्रियांत निरोगी ठरते. आणि दंडात चोरून इंजेक्शने घेऊन स्वतःच्या वृषणांचे काम बंद पाडून बसलेला जिममधला पोरगा सर्व पुरुषांत.

म्हणून मी कॉर्टिसॉलचे वकीलपत्र घेतो. फी नाही, पण अशील निर्दोष आहे. रात्रभर तुम्ही उपाशी झोपता तेव्हा मेंदूला साखर कमी पडू नये हे तो पाहतो. रक्तवाहिन्या ॲड्रिनॅलिनच्या हाकेला ओ देतात ते त्याच्या जिवावर. शरीरात उसळलेला दाह हाताबाहेर जाऊ नये म्हणून आवर घालणाराही तोच. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताने खिळलेल्या एका बाईला त्याचा सख्खा भाऊ, कॉर्टिसोन, दिला गेला आणि ती थोड्याच दिवसांत चालू लागली. दोन वर्षांनी त्या कामाला नोबेल मिळाले. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत दिसले की, व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांना डेक्सामेथासोन दिले तर मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. डेक्सामेथासोन म्हणजे या 'तणावाच्या संप्रेरका'चेच प्रयोगशाळेत घडवलेले, कित्येक पटींनी तीव्र रूप. लसी यायच्या आधी जीव वाचवल्याचे भक्कम सिद्ध झालेले पहिले औषध ते, आणि तेही काही रुपयांचे. पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत आपल्याकडे हेच औषध घरच्या घरी, लवकर आणि वारेमाप घेतले गेले. मधुमेह्यांची साखर चढली आणि काळ्या बुरशीने डोळे, जबडे नेले. औषध तेच होते; मात्रा, वेळ आणि रुग्ण चुकले होते.

अशा पदार्थाला खलनायक ठरवण्याचा खेळ निरुपद्रवी नाही. दम्याचा किंवा संधिवाताचा रुग्ण वर्षानुवर्षे प्रेडनिसोलोन घेत असतो. त्याच्या ग्रंथी आळसावलेल्या असतात. 'हे सगळे विष आहे' असे व्यासपीठावरून ऐकून तो गोळ्या एका दिवसात बंद करतो, आणि चार दिवसांनी उलट्या, घसरलेला रक्तदाब घेऊन कॅज्युअल्टीत येतो. कॉर्टिसॉल अति झाल्याचाही आजार आहे. कुशिंग त्याचे नाव. चेहरा चंद्रासारखा गोल, पोटावर जांभळे पट्टे, दंड-मांड्या बारीक. तो दुर्मिळ आहे आणि सवलतीच्या पॅकेजात सापडत नाही.

बाकीचे मुद्दे भराभर. पूर्वजांचे टेस्टोस्टेरॉन कोणी मोजले नव्हते; ते संयुग वेगळे काढले गेले तेच १९३५ साली, ॲमस्टरडॅममध्ये, बैलांच्या वृषणांतून. गेल्या काही दशकांत अमेरिकेतल्या पुरुषांची सरासरी उतरल्याचे अभ्यास आहेत, पण त्याच दशकांत तिथल्या पँटांची मापेही बदलली आणि कारणांचा वाद मिटलेला नाही. थंड पाण्याच्या आंघोळीने जाग येते. अश्वगंधेच्या काही लहान चाचण्यांत कॉर्टिसॉल थोडे उतरलेले दिसले, आणि तिने यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. पावडरच्या डब्यावर यांतले पहिलेच वाक्य सापडले.

छाती काढून उभे राहण्याची मात्र थोडी दखल घ्यायला हवी, कारण ती कथा फार गाजली. २०१० साली अमेरिकेत ४२ जणांवर एक प्रयोग झाला. दोन मिनिटे ऐटीत बसले-उभे राहिले की टेस्टोस्टेरॉन वाढते आणि कॉर्टिसॉल उतरते, असा निष्कर्ष छापून आला. त्यावर भाषणे झाली, पुस्तक निघाले, मुलाखतीला जाणारी पोरे स्वच्छतागृहात जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहू लागली. २०१५ मध्ये दुसऱ्या गटाने २०० जणांवर तोच प्रयोग केला. संप्रेरकांत फरक शून्य. पुढच्याच वर्षी मूळ निबंधाच्या पहिल्या लेखिकेने, हा परिणाम खरा आहे असे आता मला वाटत नाही, असे लेखी जाहीर केले. असा कणा विज्ञानात तरी दिसतो. आमच्या वक्त्यांनी सभागृहाला उभे केले, हात कमरेवर ठेवायला लावले आणि २०१० नंतर जगात काही घडलेलेच नाही अशा थाटात घड्याळ लावले.

उरला कच्च्या मालाच्या चोरीचा आरोप. तो ऐकायला इतका सुबक आहे की डॉक्टरही कधी कधी मान डोलावतात. दोन्ही संप्रेरके कोलेस्टेरॉलपासून बनतात, त्यातली पहिली पायरी प्रेग्नेनोलोन, हे खरे. पण कॉर्टिसॉल बनते ॲड्रिनलच्या पेशींत आणि पुरुषाचे बहुतेक सारे टेस्टोस्टेरॉन वृषणांतल्या लायडिग पेशींत. प्रत्येक पेशी आपले प्रेग्नेनोलोन आपल्याच मायटोकाँड्रियात तयार करते आणि तिथल्या तिथे वापरते. दोन घरांत दोन चुली आहेत, दोघींचे पीठ एकाच दुकानातले. एका घरी पाहुणे आले म्हणून शेजारच्या घरातली कणीक कमी होत नाही. आणि दुकानात पीठ संपले म्हणावे, तर पन्नाशीच्या पुरुषांचे कोलेस्टेरॉलचे रिपोर्ट बघा. वाटेल तेवढे पीठ पडून आहे.

हा चोरीचा सिद्धान्त ऐकताना मला एक जुना वाद आठवला. शरीरातली शक्ती हा मर्यादित साठा आहे, रक्ताचे इतके थेंब आटवावे तेव्हा एक थेंब वीर्य बनते, आणि ते खर्च झाले की स्मरणशक्ती, तेज, आयुष्य सगळेच गळते, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. एस.टी. स्टँडांजवळच्या भिंतींवर त्याच्या जाहिराती रंगवलेल्या असत. कोवळी मुले या भीतीने खंगली आणि भोंदूंची दुकाने त्यावर चालली. स्वातंत्र्यापूर्वी मुंबईतल्या एका छोट्या मासिकाने या समजुतीवर वर्षानुवर्षे कोरडे ओढले आणि त्यापायी अश्लीलतेच्या नावाखाली कोर्टाच्या वाऱ्या केल्या. तो वाद ते मासिक जिंकले असे आम्ही समजत होतो. आज तोच मर्यादित साठा इंग्रजी नाव घेऊन, सूट घालून, प्रोजेक्टरवर परत आला आहे. फरक एवढाच की पूर्वी चोर वासना होती, आता ऑफिस आहे.

पौरुष बाहेरून भरून घेण्याचा मोह साहेबी विज्ञानातही नवा नाही. १८८९ साली पॅरिसमधल्या एका नामांकित, ७२ वर्षांच्या शरीरशास्त्रज्ञाने कुत्र्यांच्या आणि गिनीपिगांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपण पुन्हा तरुण झालो, जिने धावत चढतो, असे विद्वानांच्या सभेत सांगितले. टेस्टोस्टेरॉन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्या पाणीदार अर्कात होती ती श्रद्धा. तरी काही महिन्यांत युरोप-अमेरिकेत तसले अर्क विकले जाऊ लागले, आणि १९२० च्या दशकात श्रीमंत म्हाताऱ्यांनी माकडांच्या ग्रंथींचे तुकडे शिवून घेतले. या परंपरेत आमच्या वक्त्यांची पावडर फारच सौम्य आहे, हे त्यांच्या बाजूने नोंदवतो.

पूर्वपक्षाकडे एक बरा पुरावा होता, तो त्यांनी वापरलाच नाही. वेल्समधल्या केरफिली गावात ४५ ते ५९ वयाच्या अडीच हजारांवर पुरुषांची तपासणी करून त्यांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला गेला. ज्यांचे कॉर्टिसॉल टेस्टोस्टेरॉनच्या मानाने जास्त, त्यांना हृदयविकार थोडा जास्त, असे २००५ साली छापून आले. मात्र इन्सुलिनला दाद न देणाऱ्या शरीराची लक्षणे हिशेबात घेतली की तो संबंध फिका पडत गेला. म्हणजे गुणोत्तरामागे उभे होते ते पोट आणि साखर. आकडा हा त्यांचा पुरावा होता, कारण नव्हता.

आता माझी बाजू. ती पूर्वपक्षाइतकी देखणी नाही.

ताण आणि टेस्टोस्टेरॉन यांचा संबंध आहे, आणि तो वरून येतो, मेंदूतून. उपासमार, मोठे आजारपण, दीर्घ जागरण यांत मेंदू वृषणांना जाणारा हुकूम मंद करतो. कॉर्टिसॉलचाही त्यात हात असतो. अन्न नसताना, जीव धोक्यात असताना वंशवृद्धीचा खर्च पुढे ढकलणे ही देहाची समज आहे. अमेरिकी लष्कराच्या रेंजर प्रशिक्षणात आठ आठवडे अपुरे अन्न आणि अपुरी झोप मिळते. त्या धट्ट्याकट्ट्या तरुणांचे टेस्टोस्टेरॉन वृषण काढून टाकलेल्या माणसाइतके खाली गेलेले आढळले. पोटभर जेवण मिळू लागल्यावर आठवडाभरातच ते वर आले. त्यांना इंजेक्शन लागले नाही, जेवण लागले. शिकागोत २०११ साली दहा तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिले, तर दिवसाचे टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरले. पाच तास झोप हा मुंबई-पुण्यातल्या किती जणांचा रोजचा नेम आहे, हे वेगळे सांगायला नको.

आपल्याकडे त्यात पोटाची भर. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. अंगाने बारीक आणि आतून चरबीदार असा जो भारतीय पुरुष आहे, त्याच्यात टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारे प्रथिन कमी होते आणि चरबी काही टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते. वजन आणि साखर आटोक्यात आली की आकडा बऱ्याचदा आपोआप सुधारतो. घोरत असाल तर झोपेतल्या श्वासाची तपासणी करा. यात विकण्यासारखे फारसे काही नाही, ही या मांडणीतली उणीव मला मान्य आहे.

आणि इंजेक्शन? ज्याला खरोखर उणीव आहे त्याला ते वरदान आहे. पण लक्षणे असली पाहिजेत, सकाळी उपाशीपोटी घेतलेल्या रक्तात आकडा कमी यायला हवा, आणि तो एकदा नव्हे, दोनदा. युरोपातल्या ४० ते ७९ वयाच्या तीन हजारांवर पुरुषांना लक्षणे आणि आकडे या दोन्ही चाळण्यांतून काढले, तेव्हा वयोमानाने आलेली उणीव निघाली २.१ टक्के जणांत. पासष्टी ओलांडलेल्या, टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या ७९० पुरुषांना अमेरिकेत वर्षभर ते किंवा नुसते दिसायला तसे मलम दिले गेले. कामेच्छा काहीशी वाढली, पण ज्या उत्साहासाठी लोक रांगा लावतात त्यात दखल घ्यावी असा फरक पडला नाही. उलट बाजूची गोष्ट व्यासपीठावरून कोणी सांगत नाही. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आले की मेंदूचा हुकूम बंद पडतो आणि शुक्रजंतू बनणे थांबते. इतके की जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला २०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन पुरुषांचे गर्भनिरोधक म्हणून तपासून पाहिले, आणि निम्म्याहून अधिक पुरुषांचे शुक्रजंतू शून्यावर आले. मूल हवे म्हणून धडपडणाऱ्या जोडप्यातल्या नवऱ्याला 'ताकदीसाठी' हेच टोचले जाते.

या गर्दीत जो हरवतो तो खरा रुग्ण. सहाशे-सातशे मुलग्यांत साधारण एक जण एक्स गुणसूत्र जादा घेऊन जन्मतो. क्लाइनफेल्टर म्हणतात त्याला. उंच, लहान वृषणांचा, दाढी विरळ, हाडे पुढे ठिसूळ होणारी. त्याचे टेस्टोस्टेरॉन तणावाने कमी झालेले नसते, वृषणेच दमलेली असतात. आणि त्याला तसे सांगणारा बहुधा कोणी भेटत नाही. अशांतल्या बहुसंख्यांचे निदान आयुष्यभर होत नाही, झाले तर लग्नानंतर, मूल का होत नाही या तपासणीत. वृषणे थकली आहेत की मेंदूचा हुकूमच कमी पडतो आहे, हे ओळखायला टेस्टोस्टेरॉनबरोबर एलएच नावाची एक साधी तपासणी लागते. सवलतीच्या त्या पॅकेजात छप्पन्न चाचण्या होत्या. यादी मी वरपासून खालपर्यंत वाचली, एलएच नव्हते.